तिरकी पट्टी

"ही काय रबर हाय?"

आत्तींनी पट्टीची दोन टोकं चिमटीत धरून ओढली. पट्टी वीतभर लांबली, मधे अरुंद झाली आणि सोडल्यावर वेडीवाकडी होऊन त्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी दुसरी उचलली, ओढली. मग तिसरी.

"समद्या अशाच कापल्यास व्हय गं?"

मी मशीनवरून उठून आले. सकाळपासून खपून मी त्यांचं जुनं हिरवं लुगडं अर्धंअधिक कापून ठेवलं होतं आणि दोन कौतुकाचे शब्द ऐकायला मिळतील म्हणून कान तिकडंच लावून बसले होते. मी ब्लाउज शिवणारी. ब्लाउजच्या गळ्याला गोट लावायचा तर पट्टी उरेबच कापावी लागते, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी. तरच ती गळ्याच्या वळणावर नीट वळते. लग्नाच्या आधीपासून मी तेच करत आले होते. कुणी 'पट्ट्या काप' म्हटलं की माझी कात्री आपोआप तिरकी धावायची. पट्ट्या गोधडीसाठी आहेत हे ठाऊक असूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

"अगं, गोधडी काय गळ्यात घालायची हाय?" आत्ती म्हणाल्या आणि स्वतःच हसत सुटल्या.

आमच्या इचलकरंजीकडं सासूला आत्ती म्हणतात. माझ्या सासूबाईंचं नाव हौसाबाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्यात तर दुधाची साय धरावी तसा पांढरा ठिपका बाहेरून दिसायचा, आणि डाव्या डोळ्याला माणूस हलला तेवढं कळायचं. पण कापड हातात आलं की त्यांना डोळ्यांची गरज लागायची नाही. त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि कापडाचा एक तुकडा घेऊन तिन्ही बाजूंनी ओढून दाखवला.

"उभा धागा वढला तर हालत न्हाई. आडवा जरासा देतो. आनि तिरका म्हंजे नुसता लाडावलेला, वढंल तिकडं जातो. गोधडीत समद्या पट्ट्या उभ्या धाग्यात पायजेत. एक जरी तिरकी गेली तर धुतल्यावर गोधडीला पोट सुटतंय."

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. कात्रीनं कापण्यापेक्षा कडेला नुसता चावा घ्यायचा, म्हणजे बारीकशी चीर द्यायची, आणि फाडायचं. कापड आपल्या धाग्यानंच फाटतं, कापताना माणूस चुकेल, फाडताना चुकत नाही. मी हो हो म्हटलं, पण फाडायला माझा हात धजेना. माझी कात्री म्हणजे माझा जीव की प्राण. घरात कात्री असताना चिंध्या केल्यासारखं कापड फाडायचं मला गावंढळ वाटायचं. मी आपली खडूनं रेघ मारून, धागा बघून, सरळ कापत राहिले.

ही गोधडी आत्ती पिंपरीला घेऊन जाणार होत्या.

तो बेत माझे थोरले दीर यशवंतभाऊजी यांचा. ते तिकडं एका कारखान्यात फोरमन होते, तिसऱ्या मजल्यावर त्यांचा ब्लॉक होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी इथं सांगून ठेवलं होतं, मोतीबिंदू पुरता पिकलाय, फार थांबलात तर डोळा हातचा जाईल. भाऊजी दिवाळीला आले तेव्हा म्हणाले, ऑपरेशन पुण्याला करू आणि मग आईनं आमच्याकडंच राहायचं. बापू गेल्यापासून सदानं सांभाळलं, आता माझी पाळी. बापू म्हणजे माझे सासरे आणि सदा म्हणजे आमचे हे. हे टेम्पो चालवायचे, सुताची बाचकी मागावर पोहोचवायचे, आणि थोरल्या भावानं काही म्हटलं की मान हलवून मोकळे व्हायचे. आत्ती एवढंच म्हणाल्या, "जाते, पर मला एक गोधडी शिवू द्या. परक्या अंथरुनावर मला झोप न्हाई लागत."

त्यात त्यांचा एक नियम होता. अर्धी गोधडी घरात टाकून बाईनं परगावी मुक्काम करायचा नाही. गोधडी वाट बघत बसते म्हणे. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. मला वाटलं, ही त्यांची आत्ताच काढलेली टूम असेल. पण ह्यांनी सांगितलं की आई पहिल्यापासून असंच करते. सख्ख्या भावाच्या लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी पोराबाळांना उपाशी ठेवून तिनं गोधडी पुरी केली होती आणि बापूंनी सगळ्यांना हॉटेलातून भजी आणून घातली होती.

तेव्हा ठरलं की गोधडी झाली की आत्ती जाणार. आणि उन्हं तापायच्या आत जायला हवं होतं, कारण उन्हाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन नको, जखम चिघळते, असं तेव्हा सगळेच म्हणायचे.

मला त्याचा आनंद झाला होता. उगीच आडपडदा कशाला? लग्न होऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ अजून नव्हतं, दोन खोल्यांचं घर, आणि माझ्याकडं ब्लाउजचं काम इतकं यायचं की दुसरं मशीन घेऊन एखादी बाई ठेवावी असं चाललं होतं. आत्तींची कॉट निघाली की तिथं मशीन बसलं असतं. शेजारच्या गोदूबाईजवळ मी तसं बोललेही होते.

पण झालं काय, गोधडीमुळं आमची रोज दुपारची बैठक सुरू झाली. त्याआधी आमच्यात 'जेवलात का' आणि 'जेवले' एवढंच चालायचं. आता मी कापायची आणि त्या ओढून बघायच्या. पास झालेली पट्टी उजवीकडं, नापास डावीकडं. पास झालेल्या पट्ट्या मी मशीनवर जोडायची आणि त्याच्यावर त्या हातानं बारीक टाके घालायच्या, एका ओळीला समांतर दुसरी, बोटानं चाचपत. तोंड चालूच. गल्लीत कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुणाच्या सुनेनं आमटीत मीठच घातलं नाही, सगळं त्यांना घरबसल्या कळायचं आणि मला त्यांच्याकडून. माझ्या भाकरीची त्या टिंगल करायच्या. म्हणायच्या, हिची भाकरी बी उरेब असती, एका बाजूला वढल्यागत.

बापूंचं एक धोतर निघालं, त्याला विडीनं पडलेली भोकं होती. मी तो भाग टाकून देणार होते. आत्तींनी टाकू दिला नाही. बापू मागावर कामाला होते, संध्याकाळी घरी यायचे तर भुवयांत कापूस अडकलेला असायचा. आत्ती त्यांना उंबऱ्यावर बसवून ओल्या फडक्यानं भुवया पुसायच्या, तोवर ते विडी ओढायचे आणि धोतर जाळून घ्यायचे. "पुसू दे म्हनून मुद्दाम कापूस घिऊन यायचा गं त्यो," आत्ती म्हणाल्या आणि लाजल्या. साठी उलटलेली बाई लाजलेली मी पहिल्यांदाच बघितली. तो विडीचा भोकवाला तुकडा मी खालून अस्तर लावून बसवून दिला.

संक्रांत झाली आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फोनवर भाऊजींचा निरोप आला. दवाखान्यात तारीख मिळाली आहे, येत्या रविवारी गाडी घेऊन येतो, तयारी ठेवा. गोधडी होत आलीच होती, थोड्या पट्ट्या आणि भोवतीची कड एवढंच राहिलं होतं.

त्या दिवसापासून माझी एक पट्टी पास होईना. आत्ती टोकं धरायच्या, ओढायच्या आणि डावीकडं टाकायच्या. "तिरकी हाय." पुन्हा कापली. "तिरकी हाय." मंगळवारी त्यांनी जोडून झालेल्या पट्ट्यांपैकीही दोन उसवायला लावल्या. मी त्याच पट्ट्या ओढून बघत होते आणि माझ्या हाताला त्या खांबासारख्या सरळ लागत होत्या. बुधवारी मी चिडले. म्हटलं, आत्ती, माझ्या हातचे ब्लाउज जयसिंगपूरपर्यंत जातात, मला सरळ कापता येत नाही होय? त्या शांतपणे म्हणाल्या, "ब्लाउजाचं येगळं."

त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले की आत्तींच्या बोटांचंही आता काही खरं नाही. डोळे गेले, आता हातही चालले. हे म्हणाले, म्हातारपण आहे, चालायचंच. मला मात्र जेवण गेलं नाही. धागा न् धागा ओळखणारी ती बोटं निकामी झाली ही गोष्ट मला सहन होईना. आणि ती का सहन होईना, याचंही मला नवल वाटत होतं.

शुक्रवारी धार लावणारा गल्लीत आला. मी कात्री त्याच्याकडं दिली, तर तो म्हणाला की खिळा सैल झालाय, दुपारनंतर देतो. आत्ती गोदूबाईकडं हळदीकुंकवाला गेल्या होत्या. रविवार तोंडावर आलेला, बसून काय करणार? ब्लेडनं कडेला चावा घेतला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा लुगडं फाडलं. सरळ रेषेत टर्रकन फाटत गेलं. दोन पट्ट्या फाडल्या आणि इतर पट्ट्यांत मिसळून ठेवल्या.

आत्ती आल्या, गोदूबाईचा तिळगूळ कडक झाला म्हणून दोन शब्द बोलल्या आणि पट्ट्या घेऊन बसल्या. पहिली डावीकडं. दुसरी डावीकडं. तिसरी त्यांनी उचलली, ती फाडलेली होती. टोकं धरली, ओढली.

"तिरकी हाय."

पट्टी डावीकडं टाकता टाकता त्यांचं बोट तिच्या कडेवरून फिरलं. कापलेली कड गुळगुळीत असते, फाडलेलीला सुताचे केस सुटलेले असतात. ते बोट त्या केसांवर थांबलं. आत्तींनी पट्टी मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.

फाडलेली पट्टी तिरकी जात नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणजे त्यांची बोटं ठीक होती. चारही दिवस ती ठीकच होती.

"आत्ती," मी म्हणाले, "ऑपरेशनची भीती वाटते का?"

"डोळ्याचं काय घिऊन बसलीस. डोळं पायजेतच की मला."

"मग?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मला चहा टाकायला सांगितला. मी चहा केला, कप त्यांच्या हातात दिला. अर्धा चहा त्यांनी फुंकत फुंकत संपवला.

"यशवंता थोरला हाय," त्या म्हणाल्या. "त्यो म्हंतोय आई माझ्याकडं ऱ्हा. त्यात त्याचं काय चुकलं? त्याला न्हाई म्हनले तर त्याच्या बायकूला लोक नावं ठेवत्याल. सासूला करत न्हाई म्हनत्याल. माझ्यानं न्हाई म्हनवत न्हाई."

"मग हो म्हणा."

"तेबी म्हनवत न्हाई." चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "तितं तिसऱ्या माळ्यावर मी कुनासंगं बोलू? दोघंबी कामाला जात्यात. आनि तू तरी एकदा कुठं म्हनलीस, ऱ्हावा म्हनून? हितं दुसरं मशीन बसवायचं हाय न्हवं तुला."

गोदूबाईच्या पोटात काही राहत नाही हे मला आधीच कळायला हवं होतं. मी तरी काय म्हणणार होते? थोरल्या दिरांनी शब्द टाकल्यावर धाकट्या सुनेनं 'आत्ती इथंच राहू देत' म्हणायचं म्हणजे थोरल्या जावेच्या तोंडावर अविश्वास फेकणं. आमच्यात तसं कुणी बोलत नाही. ज्याला जे हवं ते सोडून बाकी सगळं बोलतात. मी आत्तींच्या मांडीवरची ती फाडलेली पट्टी उचलून घडी करून ठेवली.

"मशीन पडवीत बसतंय," मी म्हणाले. "उजेडही तिथंच चांगला आहे."

आत्तींनी माझ्या आवाजाच्या दिशेनं हात पुढं केला. तो माझ्या गुडघ्यावर पडला आणि तिथंच राहिला.

रविवारी सकाळी भाऊजी आले. बरोबर कारखान्यातल्या मित्राची जीप. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, "काय आई, झाली का गोधडी?"

आमचे हे म्हणाले, "झालीच की. दोनच पट्ट्या राहिल्यात, आत्ता तासाभरात होईल." मी ह्यांच्याकडं असं बघितलं की पुढचा घास त्यांनी घेतलाच नाही.

थोरल्या दिरांपुढं मी तोवर चार वाक्यं सलग बोलले नव्हते. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दाराच्या चौकटीतून म्हणाले, "गोधडी नाही झाली. मी पट्ट्या तिरक्या कापल्या. ब्लाउजाची सवय, हात तिकडंच जातो. आत्तींनी ओळखलं, आता पुष्कळ उसवायला लागणार. थंडी सरेल तरी पुरी व्हायची नाही." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "डोळा मात्र थांबायचा नाही. म्हणून म्हणते, ऑपरेशन मिरजेला करू. तिथं चांगले डॉक्टर आहेत. अर्धी गोधडी घरात टाकून जायचं नाही, तर मी ती दवाखान्यात घेऊन येते. आत्तींच्या कॉटशेजारी बसून उसवते."

ह्यांनी माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघितलं, कारण माझं कापणं चुकलं असं मी कबूल केलेलं त्यांनी संसारात कधी ऐकलं नव्हतं.

भाऊजी उठले. कॉटवर गोधडी पसरलेली होती, शेजारी पट्ट्यांचा ढीग. त्यांनी वरची एक पट्टी उचलली. हा माणूस याच घरात वाढला होता हे मी साफ विसरले होते. लहानपणी त्यानंही आईपुढं बसून पट्ट्या ओढल्या असणार. त्यांनी दोन्ही टोकं चिमटीत धरली, अगदी आत्ती धरायच्या तशी, आणि ओढली.

पट्टी हलली नाही. सुताएवढीही लांबली नाही.

त्यांनी आईकडं बघितलं. आत्ती पांढऱ्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून, शाळेत मास्तरांपुढं पोरगी बसते तशा. मग भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आता भाऊजी विचारणार, आणि आम्ही दोघी काय सांगणार? आत्तींच्या जिवाचं सगळं आता त्या एका पट्टीवर होतं.

"व्हय की," भाऊजी म्हणाले. ते इतक्या वर्षांत पुणेरी बोलायला शिकले होते, त्या दिवशी एकदम गल्लीतलं बोलले. "लईच तिरकी गेलीया, आई. उसवाय पायजे."

पट्टी त्यांनी डावीकडच्या ढिगात टाकली आणि हात धुवायला म्हणून मागच्या दारी गेले. बराच वेळ नळ चालू होता.

मिरजेच्या दवाखान्यात आत्तींना डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा लावून निजवलं होतं, हलायचं नाही, खोकायचं नाही. मी कॉटशेजारी जमिनीवर बसून सगळ्यांच्या देखत सरळ पट्ट्या उसवत होते. भाऊजी आणि थोरली जाऊबाई रजा काढून आले, आळीपाळीनं बसले. जाऊबाई एकदा माझ्या कानात म्हणाल्या, "सावकाश उसव हो. घाई नाही." तेव्हा मला कळलं की भाऊजींनी त्यांना सांगितलं आहे. मी त्यांचा हात दाबला.

डोळा चांगला झाला. जाड भिंगाचा चष्मा लागला आणि आत्तींना माझ्या भाकरीचा आकार खरोखरच दिसायला लागला. मशीन पडवीत बसलं. पुढं माझी दोन मुलं त्या घरात झाली, आत्तींच्या मांडीवर वाढली. आणि गोधडी कधीच पुरी झाली नाही. भाऊजी दर दिवाळीला यायचे. ते येणार म्हटलं की आदल्या दिवशी मी एखादी पट्टी उसवून ठेवायची. ते विचारायचे, झाली का, आई? आत्ती म्हणायच्या, बघ की रे, माला परत चुकली. माला म्हणजे मी, विजयमाला. मग भाऊजी एक पट्टी उचलायचे, ओढायचे, मान हलवायचे. हे एकदा मला म्हणाले की तू आता कापायला शिक तरी. ह्यांना कुणीच कधी सांगितलं नाही.

आत्ती गेल्या तो महिना मार्गशीर्ष. आधी महिनाभर अंथरुणावर होत्या. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं, भाऊजी आणि जाऊबाई येऊन राहिले होते. एका दुपारी मी आत्तींच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "माले, ती गोधडी काढ. पुरी कर आता."

मला समजलं. न समजायला काय झालं? माझा हात त्यांच्या पावलावर थांबला.

मी पेटीतून गोधडी काढली, राहिलेली एक पट्टी काढली. टोकं धरून ओढून बघितली.

"आत्ती, ही तिरकी गेलीय हो," मी म्हणाले. "परत कापायला लागंल."

त्यांनी हात पुढं केला. मी पट्टीचं एक टोक त्यांच्या बोटांत दिलं, दुसरं मीच धरलं, कारण दोन्ही हातांनी ओढायची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती. त्यांनी हळूच ओढलं.

"न्हाई गं," आत्ती म्हणाल्या. "सरळ हाय. घे शिवायला."